ज्येष्ठता यादी भिंतीवर लावा, मग कुणाला ‘अतिरिक्त’ म्हणा

राजेहो, पोस्ट लांबलचक आहे. ज्यांच्या घरात एखादे मास्तर किंवा मॅडम आहेत त्यांनी पूर्ण वाचा. बाकीच्यांनी जमेल तेवढी वाचा, पण पोरं कोणत्या शाळेत टाकायची याचा विचार करत असाल तर तुमचाही याच्याशी संबंध आहे.

मागच्या एका समायोजन शिबिरात बातमीसाठी गेलो होतो. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका हॉलमध्ये दोन याद्या लागतात. एक अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांची, दुसरी दुसऱ्या शाळांमधल्या रिक्त जागांची. ज्याचं नाव पुकारलं त्यानं पुढे जायचं, उरलेल्या जागांतली एक सांगायची, सही करायची. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या बैचीला जे उरतं ते वाढतात, तसंच. चांगल्या जागा पहिल्या दहा नावांतच संपतात. मग धारणी, चिखलदरा, नाहीतर जिथे एसटी दिवसातून दोनदा जाते अशी गावं.

दाराजवळ एक सर उभे होते. पन्नाशीला टेकलेले, खांद्याला शबनम, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नेमणूक आदेशापासूनचे सगळे कागद. माझ्या हातात कॅमेरा पाहून म्हणाले, “काढा भाऊ फोटो. सरप्लस मास्तर कसा दिसते ते लोकाइले समजू द्या.”

मी विचारलं, “सर, सेवा किती झाली?”

“बावीस वर्सं. आन् मी सरप्लस. माह्या मांगून आलेले दोघं तिथंच हायेत. त्यातला एक त अध्यक्षाचा पुतन्या हाये.”

“मग ज्येष्ठता यादी?”

ते हसले. “यादी कोनं पाह्यली बाप्पा? कपाटात असन.”

त्या दिवशी मी बातमी छापली ती आकड्यांची होती. इतके अतिरिक्त, इतक्यांचं समायोजन, इतके शिल्लक. हे कपाटाचं वाक्य बातमीत बसलं नाही. ते आज इथे लिहितो.

आधी हे समजून घेऊ की शिक्षक अतिरिक्त होतो म्हणजे काय होतं. कारण गावात याचा अर्थ “कामाचा नाही म्हणून काढला” असा घेतात. सरांच्या पोरीला कॉलेजात कुणीतरी तसंच बोललं म्हणे. खरं असं आहे की यात शिक्षकाचा दोष शोधलाच जात नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरतात, त्यावर संच मान्यता होते, म्हणजे या शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरतं. शिक्षण हक्क कायद्यानं २०१० पासून माप ठरवून दिलं. पहिली ते पाचवीत ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, पुढेही तसंच. सहावी ते आठवीत पस्तीस पोरांमागे एक, आणि तिथं विज्ञान-गणित, भाषा, समाजशास्त्र याला किमान एकेक तरी पाहिजे असं कायद्यातच लिहिलेलं आहे. पट घसरला की पद जातं. पद गेलं की त्या पदावरचा माणूस अतिरिक्त.

आणि पट का घसरतो हे आपल्याला माहीत नाही का? सकाळी साडेसहाला कोणत्याही गावाच्या फाट्यावर उभे राहा. कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाड्या पोरं गोळा करत फिरतात. ज्या सरांची शाळा ओस पडते त्यातल्या काही सरांची स्वतःची पोरंही त्याच गाडीत असतात, हे मी त्यांच्या तोंडावर बोललेलो आहे, इथेही बोलतो. दुसरं कारण, लोक पोटापाण्यासाठी पुण्याला, सुरतेला गेले. तिसरं, घरात आता एक-दोनच लेकरं. चौथं कारण मात्र कागदाचं आहे. अलीकडे पोरगं बाकावर बसलेलं असून भागत नाही, त्याचं आधार जुळलं पाहिजे. नावात काना-मात्रेचा फरक, जन्मतारखेत घोळ, बोटांचे ठसे उमटत नाहीत, की पोरगं हजर असूनही मोजणीत नाही. ऊसतोड, वीटभट्टीवरच्या घरांची लेकरं यात जास्त सापडतात. म्हणजे ज्या गावात सरकारी शाळेची गरज सगळ्यात जास्त, तिथंच पट कागदावर सगळ्यात लवकर वितळतो.

आधारची अट उगाच आली नाही हेही कबूल केलं पाहिजे. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवते? ३ ते ५ तारखेला राज्यभर एकाच वेळी पोरांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली होती. एकच पोरगं दोन शाळांत, तुकड्या कागदावर, मधल्या भोजनाचा तांदूळ कागदावरच्या पोरांच्या नावानं. आपल्याच संस्थाचालकांनी हे दिवे लावले होते. त्यानंतर मे २०१२ मध्ये सरकारनं म्हटलं, आधी अतिरिक्त शिक्षकांना सामावून घ्या, तोपर्यंत नवी भरती नाही. चोरी केली संस्थाचालकांनी. भोगलं कुणी? डी.एड. करून बसलेल्या पोट्ट्यांनी आणि ज्यांच्या तुकड्या गेल्या त्या मास्तरांनी. एखाद्या अध्यक्षाचं संस्थेतलं पद पट घसरला म्हणून गेल्याचं वीस वर्षांच्या पत्रकारितेत मी ऐकलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. चार शिक्षक आहेत, पदं तीन उरली. जायचं कुणी?

खासगी अनुदानित शाळांसाठी याचं उत्तर आपल्याकडे कायद्यात आहे आणि ते चांगलं उत्तर आहे. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची त्याची नियमावली. नियम २६ सांगतो की पट किंवा वर्ग कमी झाले म्हणून कायम कर्मचाऱ्याला कमी करायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस द्या, शिक्षणाधिकाऱ्याची आधी मान्यता घ्या, आणि सर्वसाधारणपणे ज्येष्ठतेचं तत्त्व पाळा. जो शेवटी आला तो आधी जाईल. पुढे तेच पद परत आलं तर त्याच माणसाला रजिस्टर्ड पत्र पाठवून पहिली संधी द्या. रजिस्टर्ड शब्द नियमातच आहे. ज्यानं हा नियम लिहिला त्याला संस्थाचालक चांगले ओळखता येत होते. साधं पत्र म्हटलं असतं तर “पाठवलं होतं, पोहोचलं नसेल” असं उत्तर तयारच होतं.

नियम १२ त्याहून महत्त्वाचा. संस्थेनं ज्येष्ठता यादी तयार ठेवायची, कर्मचाऱ्यांना दाखवायची, सह्या घ्यायच्या, हरकती घ्यायच्या, वाद राहिला तर शिक्षणाधिकाऱ्याकडे. यादी कशी लावायची याचं अनुसूची ‘फ’ मध्ये सविस्तर दिलं आहे. माध्यमिकला नुसती रुजू तारीख पुरत नाही, प्रशिक्षणाची पात्रता कधी मिळाली, कोणत्या प्रवर्गात कधी आला हे पाहावं लागतं. दोघांची तारीख एकच असेल तर वयानं मोठा तो ज्येष्ठ. इतकं बारीक लिहून ठेवलं आहे.

शिक्षकांना हे वेगळं लिहून का द्यावं लागलं? कारण कारखान्यातल्या कामगाराला औद्योगिक विवाद कायद्यात शेवटी आला तो आधी जाईल हे संरक्षण होतं, शिक्षकाला ते लागू नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थानं कामगार नाही, कारण शिकवणं हे उदात्त काम आहे. उदात्त म्हटलं की आपल्याकडे माणसाच्या हातून काहीतरी निसटतंच. आणि थेट सरकारी नोकरीतही “पर्मनंट म्हणजे कोणी हात लावू शकत नाही” हा समज खरा नाही. पद रद्द करणं ही शिक्षा नाही, त्यामुळे चौकशी, बचावाची संधी हे घटनेतलं ३११ चं कवच तिथं चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९७३ मध्येच केरळच्या प्रकरणात सांगून ठेवलं. म्हणजे पद जाणार असेल तर कर्मचाऱ्याच्या हातात खऱ्या अर्थानं एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रांगेतला त्याचा नंबर. आणि त्या नंबराचा कागद म्हणजे ज्येष्ठता यादी.

इथे माझं स्वतःचं थोडं सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी ज्या दैनिकात होतो तिथून मला फोन आला. नाव घेत नाही, आता त्याला अर्थ नाही. “उद्यापासून येऊ नका, हिशेब पाठवतो.” तेरा वर्षं झाली होती. माझ्यानंतर आलेले तिघं राहिले. मी का गेलो आणि ते का राहिले हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. श्रमिक पत्रकारांच्या १९५५ च्या कायद्यात तेव्हा तीन महिन्यांची नोटीस लिहिलेली होती. मी डिप्लोमा करताना परीक्षेत त्यावर टीप लिहून पाच मार्क मिळवले होते. नोटीस काही मिळाली नाही. मला राग पैशाचा कमी आला. रात्री पडल्या पडल्या मी सगळी वर्षं उलटून पाहायचो. कोणाला दुखावलं, कोणती बातमी नडली, कोणाच्या वाढदिवसाच्या पुरवणीला जाहिरात आणली नाही. बायको म्हणायची, “झालं ते झालं.” पण नियम नसला की माणूस कारण स्वतःच्या अंगात शोधत बसतो. यादी असती आणि मी शेवटचा असतो, तर वाईट वाटलं असतं, पण असं कुरतडलं नसतं. म्हणून शिक्षक मित्र जेव्हा मला म्हणतात की सीनियॉरिटी वगैरे जुनाट गोष्टी आहेत, तेव्हा मी गप्प बसतो आणि मनात म्हणतो, तुमच्याकडे आहे म्हणून बोलता.

पण आहे का खरंच? तिथेच घोडं पेंड खातं.

मी गेल्या काही महिन्यांत वऱ्हाडातल्या बऱ्याच अनुदानित शाळांतल्या लोकांशी बोललो. अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा. कोणत्याच शाळेचं नाव लिहीत नाही, कारण बोलणारे अजून तिथेच नोकरी करतात. पण पद्धती सारख्याच निघाल्या. यादी दरवर्षी होते, पण सही पगारबिलासोबत घेतात, वरचा कागद दुमडलेला असतो. एखाद्याची पात्रता मिळाल्याची तारीख सरकवली जाते. संस्थेच्या दोन शाळा असतील तर नको असलेला माणूस बरोबर पट घसरायच्या आधी त्या शाळेत पाठवतात जिथे पद जाणार आहे. एखाद्याचा विषय कागदावर बदलतो, मराठीचा माणूस एकाएकी समाजशास्त्राचा होतो, कारण त्या वर्षी कात्री समाजशास्त्रावर चालणार असते. हे सगळीकडे होतं असं मी म्हणणार नाही. अचलपूरकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिकेनं यादी फ्रेम करून स्टाफरूममध्ये लावलेली मी स्वतः पाहिली. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “भांडणं कमी होतात हो. नाहीतर रोज माझ्या टेबलावर कोणीतरी रडत येतं.” इतकं सोपं आहे ते.

सरांच्या बाबतीत तारखेचा घोळ होता. त्यांनी बी.एड. केलं तो निकाल जूनमध्ये लागला, यादीत गुणपत्रिका हातात आल्याची तारीख धरली. मधल्या काळात पुतण्या लागला. दोन अडीच महिन्यांचा फरक. बावीस वर्षं तो फरक कागदात झोपून होता. पट घसरला त्या दिवशी जागा झाला.

तुम्ही म्हणाल, मग आधी का नाही भांडले? हा प्रश्न मीही विचारला. ते म्हणाले, “भाऊ, नोकरी लागली तवा पोट्टं लहान होतं. अध्यक्षाशी कोन भांडन? आन् तवा सरप्लस होईन असं कोनाले वाटलं?” खरं आहे. पाचवी ते दहावी शाळा भरून वाहायची तेव्हा. शेवटून दुसरा आणि शेवटून तिसरा यात काय फरक आहे असंच वाटतं, जोपर्यंत कात्री शेवटून दुसऱ्यापर्यंत येत नाही.

आता कात्री जोरात चालली आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संच मान्यतेचे निकष बदलले. संघटनांचा सगळा राग या गोष्टीवर आहे की वरच्या वर्गांच्या गटात पट वीसच्या खाली गेला की त्या गटाला शिक्षकाचं पदच मिळत नाही. म्हणजे सहावी-सातवी-आठवीत अठरा पोरं असतील तर ती अठरा पोरं हवेत शिकतील. मेळघाटातला ढाणा घ्या किंवा पातूरच्या डोंगराकडची वस्ती घ्या, तिथं वीसचा आकडा कुठून आणायचा? मग ती पोरगी पुढच्या गावाला जाईल? जाणार नाही. आठवीला शाळा सुटेल आणि दोन वर्षांनी लग्नाची पत्रिका येईल. मी हे उगाच भावनिक करत नाही, ज्यांनी या भागात दहा वर्षं बातमीदारी केली त्यांना विचारा.

त्यावर १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा टीईटीचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे अशा पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची किंवा सक्तीची निवृत्ती. पाचपेक्षा कमी उरली असतील त्यांना राहता येईल पण बढती नाही. जे टीईटीच्या आधी, त्या काळच्या नियमांत बसून लागले त्यांनाही हे लागू. ५ डिसेंबर २०२५ ला शाळा बंद ठेवून राज्यभर मोर्चे निघाले, आपल्याकडेही निघाला, ते याच दोन गोष्टींसाठी. त्या दिवशी फेसबुकवर आपल्याच लोकांच्या कमेंट वाचल्या. “पगार घेता ना लाखभर, मग द्या की परीक्षा.”

त्या कमेंटला उत्तर दिलं पाहिजे, कारण ती सगळी खोटी नाही.

ज्येष्ठतेच्या नियमाविरुद्ध सगळ्यात मजबूत मुद्दा असा की तो चांगल्या-वाईटात फरक करत नाही. अकोल्याजवळच्या एका शाळेत मी एक पोरगा पाहिला. विज्ञान शिकवायचा. भंगारातून मोटार आणून पोरांकडून पंखा बनवून घ्यायचा, रविवारी शाळा उघडायचा. सात वर्षं झाली होती. पट घसरला आणि तो शेवटचा होता, म्हणून तो गेला. राहिले कोण? एक गृहस्थ जे खुर्चीत बसून पोरांकडून गाईड वाचून घेतात. गावकऱ्यांनी निवेदन दिलं, काही झालं नाही. नियम म्हणजे नियम. त्या गावात जाऊन मी ज्येष्ठतेच्या नियमाची बाजू मांडली तर लोक मला चहासुद्धा पाजणार नाहीत. आणि या नियमाचा मार नेहमी तरुणांवर येतो, ज्यांनी पवित्र पोर्टलवर वर्षानुवर्षं वाट पाहिली, मग शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढली. प्राथमिकचं ते मानधन २०२३ च्या आधी सहा हजार होतं, आता सोळा हजार आहे. एवढं सोसून कायम झाला आणि लगेच रांगेत शेवटचा.

हे सगळं मान्य. तरीही मी ज्येष्ठतेच्या बाजूनं आहे, आणि कारण एकच. गुणवत्ता ठरवणार कोण? आपल्या शाळांत गोपनीय अहवाल लिहिणारा तोच, यादी कपाटात ठेवणारा तोच, पुतण्या लावणारा तोच. उद्या नियम केला की “कामगिरी पाहून कमी करा”, तर पंखा बनवणारा पोरगा वाचेल असं वाटतं का? तो तर अध्यक्षाच्या प्रचाराला आला नव्हता. कामगिरीचा कागद एका रात्रीत लिहिता येतो. रुजू झाल्याची तारीख बदलायला निदान चार ठिकाणी खोटं लिहावं लागतं आणि कुठेतरी एक जुना आदेश शिल्लक राहतोच.

अमेरिकेचं उदाहरण पाहा. तिथं सरकारी नोकरकपातीचे नियम मोठे तपशिलवार आहेत. नेमणुकीचा प्रकार, सैन्यात सेवा केली का, एकूण सेवा किती, आणि कामगिरी, या चारांवर क्रम लागतो. म्हणजे त्यांनी कामगिरी आणि ज्येष्ठता दोन्ही धरलं. पण २०२५ च्या सुरुवातीला ट्रम्प सरकारनं कपात काढली तेव्हा आधी हात घातला तो परिवीक्षेतल्या, म्हणजे नव्या लोकांवर, कारण त्यांच्याभोवती नियमांचं कुंपण कमी. आणि हजारो लोकांना पत्र गेलं त्यात कारण लिहिलं कामगिरीचं, ज्यांच्या फाइलीत चांगले शेरे होते त्यांनासुद्धा. लोक कोर्टात गेले. एवढ्या मोठ्या देशात “कामगिरी” हा शब्द असा वापरला जातो, तर आपल्या तालुक्याच्या संस्थेत कसा वापरला जाईल याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि परीक्षा म्हणाल तर टीईटीचं काय झालं होतं? २०१९-२० च्या परीक्षेचा घोटाळा पुणे पोलिसांनी उघडा पाडला, परीक्षा परिषदेचे वरचे अधिकारीच अटकेत गेले, सात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली. मी परीक्षेच्या विरोधात नाही. नव्या माणसाला घेताना कडक परीक्षा घ्या, दहा वेळा घ्या. पण तेव्हाच्या नियमानं घेतलेल्या बाईला, जिनं वीस वर्षं पहिलीच्या पोरांना अ-आ शिकवलं, तिला आज सांगायचं की तुझी वीस वर्षं एका पेपरवर. त्याच बाईकडून मतदार यादी, जनगणना, पोषण आहाराचा हिशेब, सगळं करून घेतलं तेव्हा पात्रता कुणी विचारली नाही. कोर्टाला कायदा जसा दिसला तसा त्यांनी लावला. बदल करायचा तर तो संसदेत आणि केंद्राच्या पातळीवर व्हावा लागेल, आणि आपले खासदार यावर किती बोलले ते तुम्हीच आठवून पाहा.

आळशी शिक्षकाचं काय, हा प्रश्न राहतोच. त्याच्यासाठी नियमावलीत वेगळा रस्ता आहे, चौकशी, चौकशी समिती, शिक्षा. तो रस्ता लांब आहे आणि कुणी चालत नाही, कारण आळशी माणूस बहुतेक वेळा अध्यक्षाचा माणूस असतो. पट घसरण्याची वाट पाहून त्या निमित्तानं नावडता माणूस काढायचा हा मात्र शॉर्टकट आहे आणि तो सगळ्यांना आवडतो.

संघटनांनाही दोन शब्द. तुमच्या मोर्चांच्या बातम्या मी केल्या, पुढेही करीन. पण मागण्यांच्या वीस कलमी निवेदनात “प्रत्येक शाळेची ज्येष्ठता यादी जाहीर करा” हे कलम मला दिसलं नाही. का नाही हेही मला कळतं. काही पदाधिकाऱ्यांची स्वतःचीच नावं जिथं असायला नको तिथं आहेत. शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की पाच जिल्ह्यांत जेवणावळी उठतात, कोणता उमेदवार कोणत्या संस्थेचा यावर चर्चा होते, पण एकाही उमेदवाराला भर सभेत कुणी विचारत नाही की साहेब, तुमच्या संस्थेची यादी कुठे लावली आहे?

शासनाला यासाठी एक रुपया लागत नाही. पगार शालार्थवर ऑनलाइन होतो, पोरांचं आधार ऑनलाइन तपासता, संच मान्यता ऑनलाइन काढता. मग प्रत्येक अनुदानित शाळेची ज्येष्ठता यादी, जन्मतारीख, नेमणूक, पात्रता, प्रवर्ग यांच्यासकट त्याच ठिकाणी टाकायला काय हरकत आहे? ज्या शाळेनं टाकली नाही तिच्यातल्या कुणालाही अतिरिक्त ठरवू नका, आणि तोपर्यंतचा भार संस्थेच्या वेतनेतर अनुदानातून कापा. बघा मग याद्या कशा पटापट कपाटातून बाहेर येतात. आणि समायोजन मे महिन्यात उरका. आज दिवाळीनंतर, कधी तर जानेवारीत आदेश निघतात. दहावीच्या वर्गाचा इंग्रजीचा माणूस ऐन परीक्षेच्या तोंडावर उचलून दुसरीकडे, आणि तिकडच्या शाळेत तो रुजू होईपर्यंत पगार अधांतरी. मूळ शाळा म्हणते आमच्याकडे पद नाही, नवी शाळा म्हणते आमच्याकडे जागा भरलेली आहे, कारण तिथल्या अध्यक्षाला ती स्वतःच्या माणसासाठी ठेवायची असते. असे लोक मी पाहिले आहेत जे दोन शाळांच्या मध्ये एसटी स्टँडवर राहतात असं म्हटलं तरी चालेल.

जे शिक्षक, शिक्षिका, क्लार्क, शिपाई भाऊ हे वाचत आहेत त्यांना एक काम सांगतो. अतिरिक्त व्हायची वाट पाहू नका. या महिन्यातच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या की ज्येष्ठता यादीची प्रत पाहिजे. अर्जाची पोच घ्या. दिली नाही तर अनुदानित शाळा आहे, माहिती अधिकारात मागा. स्वतःच्या नावापुढची प्रत्येक तारीख मूळ कागदाशी ताडून पाहा, आणि वरच्या-खालच्या दोघांचीही पाहा. चूक दिसली तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे हरकत नोंदवा. सेवा संपवल्याचा आदेश हातात पडला तर अपिलाला तीस दिवस असतात, आपलं शाळा न्यायाधिकरण अमरावतीतच आहे, नागपूरला जायचं काम नाही. वकील शोधण्यात पंधरा दिवस जातात म्हणून आधीच सांगतो.

सरांचं पुढे काय झालं ते विचाराल. त्या दिवशी त्यांनी सही केली. जागा मेळघाटात मिळाली. गेले. सेमाडोहच्या पुढे घाटात गाडी लागते म्हणून लिंबू खिशात ठेवतात म्हणे. तिथली पोरं कोरकू बोलतात, सर खारपाणपट्ट्याचे, पहिले पंधरा दिवस दोघांनाही एकमेकांचं कळत नव्हतं. आता ते कोरकू शब्दांची वही करतात, मला व्हॉट्सअ‍ॅपवर पानांचे फोटो पाठवतात. मधे त्यांनी यादीची नक्कल मागितली. दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा माहिती अधिकारात मिळाली. हरकत घातली आहे. सुनावणीची तारीख लागली आणि पुढे गेली, पुन्हा लागली आहे.

परवा फोन आला. म्हटलं, “सर, जिंकले तर परत याल ना?”

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “येईन का नाई ते पाहू भाऊ. पन त्या यादीत माह्यं नाव जिथं पाह्यजे तिथं आलं पाह्यजे.”

तुमच्या शाळेत यादी लागली आहे का? कमेंटमध्ये फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा. शाळेचं नाव लिहू नका.